कापसाचा एक तंतू, म्हणजे एकच पेशी

आजी दिव्याची वात स्वतः वळायची. सरकी काढलेला कापूस बोटांनी उसवून सैल करायचा, त्याची लांबट पट्टी ओढायची, बोटांना किंचित राख लावायची आणि पट्टी मांडीवर ठेवून तळहाताने एकदा पुढे लोटायची. वात तयार. ना गोंद, ना गाठ, तरी ती पुन्हा उलगडत नसे. असं का होतं, हा प्रश्न मला त्या वयात पडला नाही. तो पडला कॉलेजात, सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा एकच तंतू ठेवून पाहिला तेव्हा. केसासारखी गोल, सरळ काडी दिसेल असं वाटलं होतं. दिसली ती चपटी फीत, आणि तिला थोड्याथोड्या अंतरावर पीळ पडलेले. काही उजवीकडे, काही डावीकडे. कागदाची पट्टी दोन्ही टोकांना धरून पिळावी तशी.

हा पीळ घातला कोणी? गिरणीत तो पडत नाही, कारण बोंडातून नुकत्या वेचलेल्या कापसातही तो असतो. उत्तर शोधायला गेलं की आपण थेट वनस्पतीच्या पेशीच्या पोटात शिरतो, आणि तिथे गेली साठ वर्षं शास्त्रज्ञ जे उलगडत आहेत त्यातला मोठा भाग या एका तंतूच्या निमित्ताने समजून घेता येतो.

आधी मूळ गोष्ट. कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच पेशी आहे. आपल्या डोक्यावरचा केस असंख्य पेशींचा बनलेला असतो, तसं इथे नाही. सरकीच्या सालीवर, अगदी वरच्या थरात ज्या पेशी असतात, त्यांतल्याच काही बाहेरच्या बाजूला फुगतात आणि वाढत सुटतात. शेजारच्या पेशी नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या लहान राहतात, ही मात्र तीन सेंटिमीटरपर्यंत जाते. जाडी मात्र मिलिमीटरच्या साधारण साठाव्या भागाएवढीच. म्हणजे ही पेशी आपल्या बोटाएवढी जाड केली, तर त्या प्रमाणात तिची लांबी तीस मीटर भरेल, दहा मजली इमारतीएवढी. आणि एका सरकीवर अशा दहा हजारांहून जास्त पेशी असतात.

शाळेत आपण सगळ्यांनी कांद्याच्या पापुद्र्याची पेशी काढली आहे. बाहेर जाड रेघ ती पेशीभित्तिका, मधली मोठी मोकळी जागा ती रिक्तिका, कडेला सरकलेला ठिपका ते केंद्रक, आणि प्रत्येकाला पट्टीने ओढलेला बाण. त्या आकृतीबद्दल माझी एकच तक्रार आहे, की तिच्यात काही हलत नाही. त्यामुळे पेशी म्हणजे सामान लावून ठेवलेली खोली, अशी समजूत डोक्यात घट्ट बसते. याची सुरुवातही तशी जुनीच. १६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या पातळ कापात ज्या खोल्या पाहिल्या आणि त्यांना ‘सेल’ म्हटलं, त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. जिवंत पेशीत आतलं सगळं वाहत असतं, हे इटलीच्या बोनाव्हेंतुरा कोर्तीने १७७४ साली कारा या पाणवनस्पतीत पाहिलं. पण मनात राहिली ती हूकची खोलीच.

प्राण्याच्या पेशीला भिंत नसते. ती सरकते, आकार बदलते, जागा सोडून दुसरीकडे जाते. वनस्पतीच्या पेशीला तसं करता येत नाही. ती चारही बाजूंनी भिंतीत बंद आहे आणि शेजारणींशी चिकटलेली आहे. तिला वाढायचं असेल तर स्वतःची भिंत ताणायची, ताणता ताणता तिथे नवी भिंत घालायची, आणि हे सगळं भिंत फुटू न देता करायचं. कापसाच्या तंतूत हे काम टोकाला गेलेलं दिसतं.

पऱ्हाटीवरचं फूल सकाळी उमलतं तेव्हा पांढरट, सायीच्या रंगाचं असतं. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होतं आणि मग गळून पडतं. ज्यांनी कपाशीचं शेत पाहिलं आहे त्यांना एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी अशी दोन्ही फुलं पाहिल्याचं आठवेल. ते पांढरं फूल उमलतं त्याच दिवशी, आत इवल्याशा बोंडात, पुढे सरकी होणाऱ्या बीजांडांच्या पृष्ठभागावर हे फुगणं सुरू होतं. वरच्या थरातल्या साधारण दर चार पेशींपैकी एक तंतू व्हायला निघते. तिलाच का निवडलं आणि तिच्या शेजारणीला का नाही, हा प्रश्न आजही संशोधकांना छळतो. ऑक्झिन नावाच्या संप्रेरकाचा त्यात मोठा वाटा आहे. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी २०११ साली हे फार नेमकेपणाने दाखवलं. ऑक्झिन तयार करणारं एक जनुक त्यांनी अशा बेताने बसवलं, की ते फक्त बीजांडाच्या सालीत, आणि तंतू सुरू होतात त्याच सुमाराला जागं व्हावं. शेतातल्या चाचण्यांत रुईचं उत्पादन पंधरा टक्क्यांहून जास्त वाढलं आणि तंतू बारीकही निघाला. मला यातला वाढीचा आकडा दुय्यम वाटतो. तेच संप्रेरक योग्य जागी आणि योग्य वेळी मिळालं तरच पेशीला त्याचा अर्थ कळतो, ही गोष्ट जास्त मोलाची.

बंद बोंडात चाललेलं हे सगळं माणसाने पाहिलं तरी कसं? बोंड चिरलं की आतली वाढ थांबते. यावर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात बीझली आणि टिंग या दोघांनी एक सुंदर तोडगा काढला. फुलातून कोवळी बीजांडं काढून त्यांनी ती साखर आणि क्षार घातलेल्या द्रवावर तरंगत ठेवली, बोंडातल्यासारखी ऊब दिली आणि गरजेप्रमाणे संप्रेरकं घातली. बशीतल्या बशीत त्या बीजांडांवर कापूस उगवला. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत हीच पद्धत वापरतात.

फुगा आणि बंद दारं

आता वाढीचा जोर येतो कुठून ते पाहू. पेशीच्या मधली ती मोठी ‘मोकळी जागा’, म्हणजे रिक्तिका, खरं तर अजिबात मोकळी नसते. तिच्यात पाणी असतं आणि त्यात पोटॅशियम, मॅलेट आणि साखर विरघळलेली असते. आत विरघळलेला ऐवज बाहेरच्यापेक्षा जास्त, म्हणून पाणी आत शिरत राहतं. मनुका पाण्यात घातल्या की टम्म फुगतात, तोच हा परासरणाचा नियम. पण मनुकेला मोकळं फुगता येतं. पेशीभोवती भिंत आहे, म्हणून आत दाब साठतो. वनस्पतींच्या पेशींमधला हा दाब बऱ्याचदा मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दाबाहून जास्त असतो. पाणी न मिळालेलं रोप माना टाकतं, कारण त्याच्या लाखो पेशींतला हा दाब उतरलेला असतो.

तंतूला झपाट्याने वाढायचं असतं. ऐन भरात तो दिवसाला दोन मिलिमीटरहून जास्त वाढतो. त्यासाठी दाब टिकवून धरायला हवा, आणि इथेच एक अडचण आहे. वनस्पतीच्या पेशी एकमेकींपासून पूर्ण तुटलेल्या नसतात. भिंतींतून आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म बोगद्यांनी त्या जोडलेल्या असतात. त्यांना प्लास्मोडेस्माटा म्हणतात. वाड्यातल्या खोल्यांना मधली दारं असावीत तसे हे बोगदे. त्यांतून साखर येते, संदेश येतात. पण दार उघडं असलं तर दाबही शेजारी निघून जाणार.

ऑस्ट्रेलियात योंग-लिंग रुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली यामागची युक्ती दाखवून दिली. त्यांनी रोपात चमकणारा रंग सोडला आणि तो तंतूत कधी शिरतो, कधी शिरत नाही, याची दिवसागणिक नोंद ठेवली. फूल उमलल्यानंतर साधारण दहाव्या दिवसापर्यंत रंग आत जात होता. मग दारं बंद झाली. सोळाव्या दिवसाच्या सुमाराला ती पुन्हा उघडली. तंतूची सर्वांत जोरदार वाढ होते ती नेमकी या बंद दारांच्या दिवसांत. बोगद्याच्या तोंडाशी कॅलोज नावाचा पदार्थ भरून पेशी दार लावून घेते, आणि उघडायचं झालं की तो पदार्थ विरघळवणारं एन्झाइम तयार करते. पुढे त्यांनी कापसाच्या वेगवेगळ्या जाती तपासल्या, तेव्हा ज्या जातीत दारं जास्त दिवस बंद राहतात तिचा तंतू जास्त लांब, असा मेळ दिसला. बाजारात ज्याला लांब धाग्याचा कापूस म्हणतात, त्याची लांबी ठरण्यामागे या बंद दारांच्या दिवसांचा हात आहे. मला ही माहिती प्रथम कळली तेव्हा कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं.

नुसता दाब पुरत नाही, भिंतही ढिली व्हावी लागते. पेशी भिंतीच्या बाजूला आम्लता वाढवते, आणि १९९२ साली काकडीच्या रोपात सापडलेली एक्स्पान्सिन नावाची प्रथिनं त्या आम्लात जागी होऊन भिंतीतल्या धाग्यांची एकमेकांवरची पकड सैल करतात. धागे तुटत नाहीत, फक्त घसरतात.

फुगा लांबच का होतो?

आता या सगळ्या कथेतला माझ्या मते सर्वांत देखणा भाग.

फुग्यात हवा भरली तर तो सगळ्या बाजूंनी फुगतो. मग दाबाने भरलेला तंतू भोपळ्यासारखा गोल का होत नाही? तो तर जाडी जवळपास न वाढवता एकाच दिशेने लांबत जातो. घरी करून पाहण्यासारखी गोष्ट आहे. लांबट फुग्याला थोडी हवा भरा, त्याच्याभोवती आडवे दोऱ्याचे वेढे जवळजवळ घाला, आणि मग आणखी हवा भरा. फुग्याला जाड होता येत नाही, तो लांबच होतो. पेशीनेही हेच केलेलं असतं. तिच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म, पण ताकदीने पोलादाशी तुलना व्हावी असे धागे आडवे गुंडाळलेले असतात.

पण हे वेढे आडवेच घालायचे, हे पेशीला कळतं कसं? १९६२ साली पॉल ग्रीन यांनी यावर एक तर्क मांडला. कोल्चिसीन नावाचं एक द्रव्य आहे. गाउटच्या दुखण्यावर ते औषध म्हणून देतात, आणि आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही ते असतं. हे द्रव्य पेशीविभाजनाच्या वेळी दिसणारे प्रथिनांचे तंतू मोडून टाकतं, एवढं तेव्हा माहीत होतं. ग्रीन यांनी ते नायटेला या पाणवनस्पतीच्या लांबट वाढणाऱ्या पेशींना दिलं. पेशी मेल्या नाहीत, वाढायच्याही थांबल्या नाहीत, पण लांब होण्याऐवजी गोल फुगायला लागल्या. यावरून त्यांनी सांगितलं, की विभाजन नसतानाही पेशीत तसलेच काही प्रथिनांचे तंतू असणार, आणि सेल्युलोजचे वेढे कसे पडायचे ते तेच ठरवत असणार. ते तंतू तोवर कोणी पाहिले नव्हते. पुढच्याच वर्षी, १९६३ साली, लेडबेटर आणि पोर्टर यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसले. पेशीच्या भिंतीला आतून लगटून बसलेल्या, बाहेरच्या सेल्युलोजला समांतर अशा बारीक नळ्या. त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात.

समांतर आहेत म्हणजे एक दुसऱ्याला वळण लावतं, असं म्हणता येईल का? नाही. इथे चाळीसेक वर्षं वाद चालला, कारण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फक्त मेलेली, गोठवलेली पेशी पाहता येते. जिवंत पेशीत पाहायचं तर पाहायचं कुणाला, हेही आधी ठरायला हवं होतं. सेल्युलोज विणणारं यंत्र पेशीच्या पटलात, म्हणजे भिंतीच्या आतल्या पातळ पडद्यात असतं, सहा पाकळ्यांच्या फुलासारखं. पण ते ज्या जनुकांपासून बनतं ती वनस्पतींत सापडत नव्हती. ती १९९६ साली सापडली, आणि सापडली कुठे तर कापसाच्या तंतूत. भिंत जाड होण्याच्या दिवसांत कापसाची पेशी जवळपास फक्त सेल्युलोजच बनवत असते. त्यामुळे डेबरा डेल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोध तिथेच घेतला. गवताच्या गंजीत सुई शोधण्यापेक्षा शिंप्याच्या दुकानात शोधणं केव्हाही बरं.

मग २००६ साल. स्टॅनफर्डमध्ये अलेक्झांडर परेडेझ, ख्रिस सॉमरव्हिल आणि डेव्हिड एरहार्ट यांनी मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्या रोपात या विणणाऱ्या यंत्राला पिवळं चमकणारं प्रथिन जोडलं आणि सूक्ष्मनलिकांना वेगळ्या रंगाचं. पेशी जिवंत, रोप जिवंत. पडद्यावर पिवळे ठिपके सूक्ष्मनलिकांच्या रेषांवरून ओळीने सरकताना दिसले, काही या दिशेने, काही त्या दिशेने. वेग मिनिटाला साधारण ३३० नॅनोमीटर. एक मिलिमीटर जायला दोन दिवस लागावेत इतका संथ. पण सेल्युलोजच्या साखळीत ग्लुकोजचा एक मणी अर्ध्या नॅनोमीटरएवढा असतो. हिशेब केला तर प्रत्येक साखळीत सेकंदाला दहाएक मणी ओवले जातात. एका यंत्रातून सध्याच्या अंदाजाने अशा अठरा साखळ्या एकदम बाहेर पडतात आणि एकमेकींना चिकटून एक धागा बनतो. अशी यंत्रं एका पेशीत हजारोंनी असतात.

आणि या यंत्राला ओढतं कोण? आगगाडी म्हटलं की रूळ आले आणि इंजिनही आलं. इथे रूळ आहेत, पण इंजिन वेगळं असं काही नाही. यंत्रातून बाहेर पडलेला धागा आधीच्या भिंतीत अडकून ताठ होतो. मागे जागा उरत नाही, म्हणून पुढचे मणी ओवले जाताना यंत्रच पुढे ढकललं जातं. स्वतः विणलेल्या धाग्याने स्वतःलाच पुढे लोटायचं. सूक्ष्मनलिका मोडून टाकल्या तरी ठिपके सरकत राहतात, फक्त त्यांना त्या रुळांचं वळण राहत नाही. ग्रीन यांचा तर्क चव्वेचाळीस वर्षांनी असा डोळ्यांसमोर चालताना दिसला. पुढच्या काही वर्षांत यंत्र आणि रूळ यांना जोडणारं प्रथिनही सापडलं. २०२० साली योखेन झिमर यांच्या गटाने पॉप्लर झाडातल्या सेल्युलोज विणणाऱ्या प्रथिनांच्या त्रिकुटाची रचना, अणूंच्या मांडणीपर्यंत, अतिथंड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिली. साखळी ज्या भोकातून बाहेर पडते ते भोकसुद्धा त्यात दिसतं.

कापसाच्या तंतूकडे परत येऊ. त्याच्या मधल्या भागात सूक्ष्मनलिका आडव्या असतात, म्हणजे वेढे आडवे. पण अगदी टोकाशी काय? अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या डॅनियल झिमान्स्की यांच्या गटाने अलीकडे दाखवलं आहे, की टोकाशी एक छोटा पट्टा सूक्ष्मनलिकांवाचून असतो. तिथे वेढे नीट रांगेत नसल्यामुळे भिंत वेगळ्या तऱ्हेने ताणली जाते, आणि हा पट्टा केवढा आहे त्यावर तंतूचं टोक किती निमुळतं होणार, म्हणजे पुढे तंतू किती बारीक राहणार, हे बरंचसं ठरतं. त्यांनी प्रत्यक्ष पाहणी आणि संगणकावरचं भिंतीचं प्रारूप शेजारी ठेवून हे काढलं. जीवशास्त्राच्या शोधनिबंधात पुलाच्या बांधकामातलं गणित दिसतं ते इथे.

तीन सेंटिमीटरची वाहतूक

इतक्या लांब पेशीत टोकापर्यंत सामान पोहोचवायचं कसं, हाही एक प्रश्नच. एखादं प्रथिन पेशीत आपोआप पसरत जातं खरं, पण अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो. छोट्या पेशीत काही सेकंदांत होणारं हे काम तीन सेंटिमीटरच्या तंतूत साध्या हिशेबाने वर्षभराहून जास्त काळ घेईल. कापसाचा तंतू तर पन्नासेक दिवसांत जन्मून संपतो. म्हणून पेशीत लांबीच्या दिशेने ॲक्टिनचे जाड दोर ताणलेले असतात, आणि मायोसिन नावाची प्रथिनं त्या दोरांवरून सामानाच्या पुड्या ओढत पळतात. आपल्या दंडाच्या स्नायूत जी जोडी काम करते तीच ही, ॲक्टिन आणि मायोसिन. त्यांच्या धावण्याने आतला सगळा द्रवच वाहता राहतो. सेकंदाला पाच मायक्रोमीटर वेग धरला तरी तंतूचं एक टोक ते दुसरं टोक हा प्रवास पावणेदोन तासांत उरकतो.

कोर्तीने कारामध्ये पाहिलं होतं ते हेच. कारातलं मायोसिन माहीत असलेल्या मायोसिनांत सर्वांत वेगवान आहे. जपानमधल्या मोतोहिरो तोमिनागा आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अरॅबिडॉप्सिसच्या मायोसिनला कारातल्या वेगवान मायोसिनचं इंजिन बसवलं. आतला प्रवाह वेगाने वाहू लागला आणि रोपं मोठी झाली. माणसाच्या शरीरातल्या एका संथ मायोसिनचं इंजिन बसवलं तेव्हा रोपं लहान राहिली. पेशीच्या आतल्या वाहतुकीचा वेग झाडाच्या आकारात उतरतो, याचा इतका सरळ पुरावा क्वचितच मिळतो.

दिवसाला एक थर

पंधरा-सोळा दिवस उलटले की लांबी वाढण्याचा जोर ओसरू लागतो, दारं उघडलेली असतात, आणि पेशी आपलं सगळं बळ एकाच कामाला लावते: आतून भिंत जाड करत जायची. या दुसऱ्या भिंतीत जवळपास निव्वळ सेल्युलोज असतं. लाकडात असतं तसं लिग्निन नाही. म्हणून तर कापूस मऊ आणि पांढरा. सगळी साखर पानांतून येते, आणि सुक्रोज सिंथेज हे एन्झाइम तिचे तुकडे करून ग्लुकोज विणणाऱ्या यंत्राच्या अगदी तोंडाशी नेऊन देतं. रुआन यांच्या गटाने या एन्झाइमचं प्रमाण कमी केलं तेव्हा सरकीवर तंतू धड उगवलेच नाहीत.

इजिप्तमध्ये कापसावर आयुष्य घालवलेल्या लॉरेन्स बॉल्स यांनी १९१९ साली एक विलक्षण गोष्ट नोंदवली. तंतू आडवा कापून, फुगवून पाहिला तर भिंतीत वर्तुळं दिसतात, झाडाच्या खोडात दिसतात तशी. खोडातलं वर्तुळ एका वर्षाचं, इथलं एका दिवसाचं. दिवसा ऊब असते तेव्हा विणकाम जोरात चालतं, रात्री गारव्यात मंदावतं, आणि तो फरक भिंतीत उमटून राहतो. रात्रंदिवस एकाच तापमानात आणि उजेडात वाढवलेल्या कापसात ही वर्तुळं दिसत नाहीत. थंड रात्री सेल्युलोजचं काम अडवतात, हे पुढे प्रयोगांनी पक्कं झालं. ऐन थंडीत भरणाऱ्या शेवटच्या बोंडांतल्या तंतूची भिंत पातळ राहते आणि तो कच्चा निघतो, यामागचं एक कारण हे.

बाजारात कापसाची प्रत ठरवताना मायक्रोनेअरचा आकडा पाहतात. ठरावीक वजनाच्या रुईतून हवा किती सहज जाते, त्यावरून तो काढतात. तंतू किती बारीक आणि त्याची भिंत किती भरलेली, या दोन्हींचा तो एकत्रित अंदाज असतो. म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या भावात, त्या पेशीने बोंडाच्या अंधारात किती थर विणले, हेही मोजलेलं असतं. मुंबईत माटुंग्याला कापसाच्या तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संशोधन संस्था १९२४ पासून तंतू मोजण्याचं काम करते आहे, आणि नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. आपल्याकडे कापसाची चर्चा भाव, बोंडअळी आणि बीटी यांच्याभोवती फिरते. ती व्हायलाच हवी, त्यात माणसांच्या जगण्याचा प्रश्न आहे. पण विदर्भातल्या मुलामुलींना आपल्या बांधावरच जगातली एक विलक्षण पेशी उगवते, हे शाळेत कोणीतरी सांगायला हवं असं मला फार वाटतं. कांद्याच्या पापुद्र्याइतकाच सरकीवरचा एक तंतूही वर्गात सहज आणता येतो.

आता त्या पिळाकडे. दुसरी भिंत विणताना सूक्ष्मनलिका आडव्या राहत नाहीत, तिरप्या होतात. त्यामुळे सेल्युलोजही जिन्यासारखं गोल गोल फिरत, तिरकं बसतं. त्यातही एक गंमत आहे. काही अंतर उजवीकडे वळत गेलेली ही घडण अचानक उलटते आणि डावीकडे वळू लागते, मग पुन्हा उजवीकडे. असे उलट फेर एकाच तंतूत कितीतरी वेळा येतात. पेशी जिवंत आणि पाण्याने भरलेली असते तोवर तंतू गोल नळीसारखाच दिसतो. मग बोंड फुटतं, ऊन-वारा लागतो, पाणी निघून जातं, पेशी मरते. आतली पोकळी बसते आणि नळी चपटी होते. चपटी होताना भिंतीतले ते तिरपे धागे तिला आपापल्या दिशेने पिळतात, जिथे घडण उजवी तिथे एकीकडे, जिथे डावी तिथे दुसरीकडे.

आजीच्या मांडीवर जे तंतू एकमेकांत अडकून बसत होते, ते या पिळांमुळे. चरख्यावर सूत निघतं तेही त्यामुळेच. कॉस्टिक सोड्याच्या दाट द्रावणात तंतू टाकला, की भिंत फुगते, पीळ उलगडतात आणि फीत पुन्हा गोल होते. दोऱ्याच्या रिळावर ‘मर्सराइज्ड’ लिहिलेलं असतं ती हीच प्रक्रिया. जॉन मर्सर यांनी १८५० साली तिचं पेटंट घेतलं. सूत एकदा कातून झालेलं असतं, त्यामुळे तेव्हा पीळ गेले तरी चालतं, आणि गोल झालेल्या तंतूवर उजेड सारखा परावर्तित होऊन चकाकी येते.

पुढच्या वेळी वेचलेला कापूस हातात आला, तर एक सरकी घेऊन तिच्यावरचे थोडेसे तंतू चिमटीत धरून ओढून पाहा. ते मुळासकट उपटले जात नाहीत, सालीच्या किंचित वर तुटतात. पेशीचा पाया सरकीच्या सालीत रुतलेला तसाच मागे राहतो. दहाव्या ते सोळाव्या दिवसापर्यंत बंद राहिलेली ती दारं त्या पायातच होती.